भरणे आणि झाकणे : वृक्षछाटणीच्या इतिहासातील 'जखम' या संकल्पनेचा मागोवा

प्रस्तावना

वैशाख संपत आला की महाराष्ट्रातील शहरांमधील निवासी वसाहतींच्या आवारात करवतीचा आवाज ऐकू येऊ लागतो. पावसाळ्यात फांदी कोसळून माणसाला किंवा वाहनाला अपाय होऊ नये, विजेच्या तारा मोकळ्या राहाव्यात, वरच्या मजल्यावरील खिडकीत उजेड यावा, अशा कारणांसाठी पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर, आंबा, बदाम यांच्या फांद्या उतरविल्या जातात. काम संपल्यावर खोडावर मोठाले पांढरट छेद दिसतात. त्यांवर कोठे गेरू व चुना, कोठे डांबर, तर कोठे शेणमाती लावलेली आढळते. फांदी खोडाला अगदी सपाट कापली गेली असेल तर काम स्वच्छ झाले, आणि खुंट राहिला असेल तर ते कच्चे झाले, असा घरमालक व कामगार या दोघांचाही सर्वसाधारण समज असतो.

सपाट छेद व त्यावर लेप या दोन्ही कृती अत्यंत समंजस वाटतात. तथापि त्या दोहोंनाही एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा शेवट त्यांच्या विरोधात झालेला आहे. प्रस्तुत लेखात या इतिहासाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. फळबागांतील छाटणी हा स्वतंत्र व विस्तृत विषय असल्याने त्याचा येथे केवळ अनुषंगाने उल्लेख येईल. घराभोवतीच्या व रस्त्याकडेच्या सावलीच्या वृक्षांची छाटणी एवढीच या लेखाची व्याप्ती आहे.

येथे एका भाषिक बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. मराठीत जखम 'भरते'. गुडघा फुटला, खपली धरली, खपलीखाली नवी त्वचा आली, की जखम भरली असे आपण म्हणतो. झाडाच्या बाबतीतही आपण हेच क्रियापद सहजपणे वापरतो. वस्तुतः झाडाची जखम कधीच भरत नाही. ती झाकली जाते. आतले कापलेले, कुजलेले लाकूड आहे तेथेच राहते आणि त्यावरून नव्या लाकडाचा पडदा सरकत येतो. भरणे आणि झाकणे यांतील हा फरक ध्यानात येण्यास वृक्षसंवर्धकांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत थांबावे लागले. दरम्यानच्या काळात जे काही केले गेले, ते बहुतांशी सद्‌हेतूने केले गेले, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे.

शोधन व लेपन

वृक्षाला रोग होतो व त्यावर चिकित्सा करता येते, हा विचार भारतीय परंपरेत प्राचीन आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. थंडी, वारा व ऊन यांमुळे झाडाला विकार जडतात, पाने फिकट होतात, अंकुर वाढत नाहीत, फांद्या सुकतात व रस पाझरतो, असे त्यात निदान आहे. उपचार असा : रोगट भाग प्रथम शस्त्राने साफ करावा, मग वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा आणि दूध मिसळलेले पाणी घालावे. सुमारे इ.स. १००० च्या सुमाराचा मानला जाणारा सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' हा ग्रंथ याहून पुढे जातो व वृक्षांच्या विकारांची वात, पित्त व कफ यांनुसार विभागणी करतो. या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्ड येथील बोडलियन ग्रंथालयात आहे. डॉ. नलिनी साधले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये सिकंदराबादच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशनने प्रसिद्ध केला, तेव्हा तो अभ्यासकांना सहज उपलब्ध झाला.

शस्त्राने शोधन व त्यानंतर लेपन हा क्रम वैद्यकातील व्रणचिकित्सेचाच आहे. सुश्रुताने व्रणावरील साठ उपक्रम सांगितले आहेत. वृक्षवैद्याने त्यांपैकी काही उचलले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. झाड हे शरीर आहे, त्यात दोष आहेत, त्याला व्रण होतात, तेव्हा शरीराला जे लागू ते झाडाला लागू, हे तर्कशास्त्र त्यामागे आहे. युरोपातील परंपरा स्वतंत्रपणे याच ठिकाणी पोहोचली. त्यामुळे पुढील विवेचनात परदेशी माळ्यांच्या चुका येतील तेव्हा त्यांकडे केवळ परक्यांच्या चुका म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही.

फोर्सिथचा लेप

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला ओक लाकडाची तीव्र टंचाई भासत होती. एक मोठी युद्धनौका बांधण्यास हजारो पूर्ण वाढलेले ओक लागत, आणि ओक पूर्ण वाढण्यास शतकभर लागे. जॉन एव्हलिनने 'सिल्व्हा' हा ग्रंथ १६६४ मध्ये प्रसिद्ध केला, तोही नौदलाच्या लाकडाच्या चिंतेतूनच. याच टंचाईच्या पार्श्वभूमीवर मलबारच्या सागाला महत्त्व आले व मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी ब्रिटिश नौदलासाठी सागवानी जहाजे बांधली. १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' ही त्यांपैकी एक आजही इंग्लंडमध्ये जतन करून ठेवलेली आहे.

अशा वेळी पोकळ झालेल्या जुन्या झाडात पुन्हा निर्दोष लाकूड भरून आणता येते, असे कोणी म्हटले तर त्याकडे सरकारचे लक्ष जाणे स्वाभाविक होते. विल्यम फोर्सिथ (१७३७–१८०४) याने तसे म्हटले. तो मूळचा स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायरचा. चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या उद्यानाचा प्रमुख होता आणि १७८४ पासून केन्सिंग्टन व सेंट जेम्स येथील राजोद्यानांची व्यवस्था त्याच्याकडे होती. १७९१ मध्ये त्याने झाडांचे रोग, दोष व इजा यांवरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात आपल्या लेपाची कृती उघड केली. ताजे गाईचे शेण एक बुशेल. जुन्या इमारतीचा चुन्याचा गिलावा, शक्यतो खोल्यांच्या छताचा, अर्धा बुशेल. लाकडाची राख अर्धा बुशेल. आणि नदीची वा खाणीची वाळू एक सोळांश बुशेल. शेण वगळता उरलेले जिन्नस चाळून घ्यायचे व सारे मिश्रण गिलाव्यासारखे मऊ होईतो मळायचे. पुढे त्याने हे मिश्रण गोमूत्रासारख्या मूत्रात व साबणाच्या पाण्यात पातळ करून ब्रशाने लावण्यास सांगितले, आणि वरून लाकडाच्या राखेत जाळलेल्या हाडांची राख मिसळून ती भुरभुरावी असेही लिहिले. अंगण सारवणाऱ्या आपल्या आजीला या कृतीत फारसे नवल वाटले नसते. इंग्लंडात मात्र या लेपाचा गवगवा झाला व फोर्सिथला त्याबद्दल आर्थिक बक्षीसही मिळाले.

मृत लाकूड खरवडून काढायचे, निरोगी लाकडापर्यंत पोहोचायचे, कडा गुळगुळीत करायच्या व लेप द्यायचा, हा फोर्सिथच्या पद्धतीचा गाभा होता. कडेने नवे लाकूड जोमाने वाढू लागले की तो ते लेपाच्या गुणाचे प्रमाण मानी. या दाव्यावर पहिला जोरदार आक्षेप घेतला तो टॉमस अँड्रू नाइट (१७५९–१८३८) याने. हर्फर्डशायरमधील हा जमीनदार वनस्पतींच्या वाढीवर स्वतः प्रयोग करीत असे. १८०२ मध्ये त्याने या लेपाच्या गुणकारितेविषयी शंका मांडणारी पुस्तिकाच लिहिली. झाडाचे जुने लाकूड नव्याशी एकजीव होत नाही, कडेने येणारी वाढ लेप न लावताही येते, तेव्हा पोकळी भरून ओक पुन्हा जहाजाच्या कामास योग्य होतो हा दावा टिकणारा नाही, असा त्याच्या आक्षेपाचा रोख होता.

नाइटचे म्हणणे बरोबर होते. तरीही लेप मेला नाही. मार्च १८०४ मध्ये लंडनमधील हॅचर्ड यांच्या पुस्तकाच्या दुकानात हॉर्टिकल्चरल सोसायटीची पायाभरणी झाली, तेव्हा उपस्थित सात जणांत फोर्सिथ होता. त्याच वर्षी तो वारला. पुढे १८११ पासून या संस्थेचे अध्यक्षपद दीर्घकाळ नाइटकडेच राहिले. वाद हरलेल्या फोर्सिथचे नाव 'फोर्सिथिया' या पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या रूपाने जगभरच्या बागांत राहिले, हा इतिहासाचा थोडासा विनोदच म्हणावा लागेल. त्याच्या लेपाचे जिन्नस बदलत गेले, पण लेपाची कल्पना पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकली.

डांबर आणि सपाट छेद

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या कल्पनेला फ्रान्समध्ये नवे रूप मिळाले. काउंट दे कार याने आपल्या छाटणीविषयक पुस्तिकेत दोन गोष्टींचा आग्रह धरला : फांदी खोडाला पूर्णपणे लागून, सपाट कापावी, आणि छेदावर दगडी कोळशापासून मिळणारे डांबर लावावे. ही पुस्तिका इतकी खपली की तिच्या सातव्या फ्रेंच आवृत्तीवरून केलेला इंग्रजी अनुवाद १८८१ मध्ये बोस्टनहून निघाला. त्याला प्रस्तावना होती हार्वर्डच्या अर्नोल्ड आर्बोरेटमचे संचालक चार्ल्स स्प्रेग सार्जंट यांची. अमेरिकेतील बागमालकांपर्यंत सपाट छेद पोहोचला तो अशा मान्यवर हातांनी.

सपाट छेदामागे मूलतः वनपालाचा विचार आहे. फांदीचा खुंट खोडात गाडला गेला की फळीत गाठ येते व तिची किंमत उतरते, तेव्हा इमारती लाकडासाठी खुंट नको. हे समजण्याजोगे आहे. परंतु घरासमोरचे झाड फळ्या काढण्यासाठी लावलेले नसते. ते उभे राहावे, एवढेच त्याचे काम. लाकूडव्यवसायाची कसोटी सावलीच्या झाडाला लावली गेली, ही या इतिहासातील पहिली मोठी गफलत होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्याच सुमारास जर्मन वनविकृतिशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग (१८३९–१९०१) याने लाकडाची कूज ही कवकामुळे होते, हे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले. तोपर्यंत आधी लाकूड कुजते व मग त्यातून बुरशी उगवते, असा समज होता. हार्टिगच्या शोधाने कार्यकारणाचा क्रम उलटा केला. माणसाच्या शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचे युग सुरू होण्याचाही हाच काळ. परिणामी डांबराला आता शास्त्रीय आधार मिळाल्यासारखे झाले : जखमेतून बीजाणू शिरतात, डांबर त्यांना रोखते. फोर्सिथच्या शेणाला जे समर्थन कधीच मिळाले नव्हते ते डांबराला अनायासे मिळाले. तर्क निर्दोष होता. मात्र तो पडताळून पाहण्याची तसदी बराच काळ कोणी घेतली नाही.

वृक्षवैद्यांचा व्यवसाय

घरगुती वृक्षांची छाटणी हा एक स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहिला तो अमेरिकेत. जॉन डेव्ही (१८४६–१९२३) हा इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील शेतमजूर कुटुंबातला मुलगा. लिहायला-वाचायला तो तरुणपणी, उशिरा शिकला. १८७३ मध्ये तो अमेरिकेत गेला आणि पुढे ओहायो राज्यातील केंट गावी दफनभूमीची देखभाल करू लागला. तेथील दुर्लक्षित झाडांवर त्याने आपली पद्धत आजमावली. 'द ट्री डॉक्टर' हे त्याचे छायाचित्रांनी भरलेले पुस्तक १९०१ मध्ये प्रसिद्ध झाले व १९०९ मध्ये त्याच्या नावाची कंपनी स्थापन झाली. झाडावर चढून काम करणाऱ्या तरुणांना वनस्पतिशास्त्र शिकविणारी शाळाही त्याने काढली. त्याचा मुलगा मार्टिन पुढे ओहायोचा गव्हर्नर झाला. ही कंपनी आजही केंट येथूनच चालते.

डेव्हीचे मोठेपण मान्य केलेच पाहिजे. झाडाचा शेंडा सरसकट उडविण्याच्या प्रथेविरुद्ध त्याने आयुष्यभर लढा दिला. शेंडा उडविला की राहिलेल्या खुंटावर कमकुवत पालवीचा झुबका फुटतो, खुंट कुजतो व काही वर्षांनी तोच झुबका वादळात कोसळतो, हे त्याने छायाचित्रांनिशी दाखवून दिले. घराभोवतीची झाडे ही निष्काळजीपणे कापण्याची वस्तू नसून तिच्यासाठी प्रशिक्षित मनुष्य लागतो, ही जाणीव समाजात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने त्याला जाते. फ्रान्सिस बार्टलेटने कनेक्टिकटमध्ये १९०७ साली अशीच कंपनी काढली. त्याच राज्याने १९१९ मध्ये वृक्षवैद्यांना परवाना आवश्यक करणारा कायदा केला, आणि १९२४ मध्ये तेथूनच त्या परिषदेची सुरुवात झाली, जी आज इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या नावाने ओळखली जाते.

तथापि या पिढीचे सर्वांत प्रसिद्ध काम म्हणजे झाडाच्या पोकळीत सिमेंट भरणे. कामगार छिन्नी-हातोड्याने पोकळीतील सारे कुजके लाकूड काढीत, अगदी पांढऱ्या, निरोगी लाकडापर्यंत. मग पोकळीला डांबर लावून तीत सिमेंट काँक्रीट भरीत. झाड वाऱ्याने डोलते म्हणून ते एकसंध न भरता डांबरी कागदाचे थर मध्ये घालून टप्प्याटप्प्याने भरीत. पृष्ठभागाला खोडाचाच आकार देत. बंगल्यासमोरचे सिमेंट भरलेले जुने झाड हे मालकाच्या जागरूकतेचे लक्षण ठरू लागले. शेण गेले, सिमेंट आले. पण 'भरणे' ही कल्पना येथे अक्षरशः मूर्तरूपास आली.

या कामगारांचे कौशल्य वादातीत होते. ज्याने पोकळी जितकी मन लावून साफ केली, त्याने झाडाचे तितके अधिक नुकसान केले, हे मात्र पुढे उघड झाले. ते कसे, याचे उत्तर मिळण्यासाठी झाड उभे चिरावे लागले.

उभा छेद

झाडाचा आडवा छेद माणसाने हजारो वर्षे पाहिला आहे. वलये मोजण्याची रीत त्यातूनच आली. पण फांदी खोडात कशी उतरते, जुन्या जखमेमागे वर-खाली काय घडते, हे आडव्या छेदात दिसत नाही. उभा छेद घेणे हाताच्या करवतीने अतिशय कष्टाचे. विसाव्या शतकाच्या मध्यास एका माणसाला उचलता येईल अशी यंत्रचलित साखळी-करवत सर्रास मिळू लागली आणि ही अडचण दूर झाली.

ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) हे अमेरिकेच्या वनसेवेत १९५९ पासून वनस्पतिविकृतिशास्त्रज्ञ म्हणून न्यू हॅम्पशायर राज्यातील डरहॅम येथे काम करीत. पुढील पाव शतकात त्यांनी पंधरा हजारांहून अधिक झाडे अशी उभी चिरून तपासली. ज्या जखमांची तारीख ठाऊक होती अशा जखमांमागची कूज त्यांनी मोजली. त्यांना आढळले ते असे की, जखमेच्या वेळी झाडाचा जेवढा घेर होता, तेवढ्यातच कूज बहुधा कोंडलेली राहते. जखमेनंतर तयार झालेले लाकूड निरोगी राहते. जणू झाडाने त्या दिवशी एक भिंत बांधली व आतल्या भागावर पाणी सोडले.

१९७७ मध्ये शायगो व हॅरॉल्ड मार्क्स यांनी हे निष्कर्ष एका सचित्र पुस्तिकेत मांडले. 'कोडिट' या संक्षिप्त नावाने हे प्रारूप प्रसिद्ध आहे. त्यानुसार झाडात चार भिंती असतात. पहिली भिंत पाणी वाहणाऱ्या नलिका वर-खाली बुजवून कूज लांबीच्या दिशेने पसरण्यास अडथळा करते. ती सर्वांत दुबळी. दुसरी वार्षिक वलयांच्या कडेची. ती कुजीला गाभ्याकडे जाण्यापासून रोखते. तिसरी गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या किरणांची. ती बाजूचा प्रसार आवरते. चौथी भिंत जखमेनंतर कॅम्बियम हा वाढीचा थर नव्याने उभारतो, आणि ती सर्वांत भक्कम असते. प्राणी जखमी पेशींच्या जागी नव्या पेशी आणतो. झाड तसे करू शकत नाही. ते जखमी भागाला कोंडून त्याच्याबाहेर नवे शरीर वाढविते.

या दृष्टीने पाहता सिमेंट भरणाऱ्यांची चूक स्पष्ट होते. निरोगी लाकडापर्यंत खरवडताना ते झाडाने उभारलेली भिंतच फोडीत. आजवर कोंडलेली कूज मग नव्या लाकडात शिरे. पोकळीत साचणारे पाणी काढून देण्यासाठी खोडाला भोक पाडण्याची रीत होती, तिनेही हेच होई.

सपाट छेदाचे प्रकरण याहून अधिक बोधप्रद आहे. फांदीच्या बुडाशी एक किंचित फुगवटा असतो, ज्याला कॉलर म्हणतात. वरच्या बेचक्यात सालीचा एक खडबडीत कंगोरा असतो. शायगो यांनी १९८५ मध्ये फांदी व खोड यांच्या जोडाविषयी जे लिहिले, त्यानुसार हा फुगवटा खोडाचा भाग आहे, फांदीचा नव्हे. फांदी नैसर्गिकपणे वाळते तेव्हा झाड याच भागात संरक्षक पट्टा तयार करते. सपाट छेद घेतला की हा फुगवटा कापला जातो, म्हणजे फांदीबरोबर खोडालाही जखम होते, आणि तीही जेथे बचाव असायला हवा नेमकी तेथे.

मग इतकी वर्षे सपाट छेद उत्तम का मानला गेला? कारण त्याच्या कडेने नव्या लाकडाची वळी जोमाने वाढते. माळी हा जोम पाहून समाधान पावत, फोर्सिथने लेप दिलेल्या जागी तोच पाहिला होता, आणि संशोधकांनीही जखम किती वेगाने मिटते हेच बराच काळ कसोटी म्हणून वापरले. मोठी जखम, म्हणून मोठी वळी, असा त्याचा सरळ अर्थ असू शकतो, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. बाहेरची वळी व आतली कूज यांचा परस्परसंबंध वाटतो तसा नाही. पुरावा डोळ्यांसमोर होता, पण तो चुकीच्या प्रश्नाचे उत्तर होता.

लेपाचीही परीक्षा झाली. शायगो व त्यांचे सहकारी चार्ल्स विल्सन यांनी लाल मेपल व अमेरिकन एल्म या झाडांवर जखमा करून काहींवर प्रचलित लेप लावले, काही तशाच ठेवल्या व पाच वर्षांनी झाडे चिरून पाहिली. लेपाने कूज रोखल्याचे दिसले नाही. १९७७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फोर्सिथच्या पुस्तकानंतर १८६ वर्षांनी लेपाची खरी तपासणी झाली, असे म्हणता येईल.

शायगो यांचे सारेच म्हणणे निर्विवाद राहिले असे नाही. ब्रिटिश कवकशास्त्रज्ञ लिन बॉडी व ॲलन रेनर यांनी १९८३ मध्ये असे प्रतिपादन केले की, कुजीला आवर घालण्यात झाडाच्या सक्रिय बचावापेक्षा लाकडातील पाणी व हवा यांच्या प्रमाणाचा वाटा मोठा असावा. जखमेतून हवा आत शिरणे हाच झाडापुढचा पहिला प्रश्न, असा त्याचा रोख. हॅम्बुर्गचे डिर्क डुजेसिफकेन व वाल्टर लीझे यांनी या प्रारूपातील 'कूज' या शब्दाऐवजी अधिक व्यापक असा 'इजा' हा शब्द सुचविला. प्रत्यक्ष छाटणीविषयीचा निष्कर्ष मात्र फारसा बदलला नाही. अमेरिकेत १९९५ पासून लागू झालेल्या छाटणीच्या राष्ट्रीय मानकात फुगवटा राखून, त्याच्या लगत बाहेरून छेद घेण्याची पद्धत स्वीकारली गेली. फांदी जड असेल तर प्रथम खालून अर्धवट काप, मग थोडे पुढे वरून पूर्ण काप, व शेवटी उरलेला खुंट फुगवट्याच्या बाहेर कापणे, म्हणजे फांदी तुटताना खोडाची साल सोलवटत नाही.

टहाळ, छाटणी आणि १९७५ चा अधिनियम

महाराष्ट्रात छाटणीचे ज्ञान नव्हते, असे समजणे चुकीचे ठरेल. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची गोडी छाटणी यांतील फरक सांगावा लागत नाही. त्याहून जुने उदाहरण कोकणातील राबाचे. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना ऐन इत्यादी झाडांचा टहाळ तोडून तो पसरून जाळीत. खोड राखायचे व ठरावीक काळाने त्याच जागी पुन्हा तोड घ्यायची, ही पद्धत युरोपातील पोलार्डिंगशी जवळीक सांगणारी आहे. ब्रिटिश वनखात्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत या तोडीवर निर्बंध आणले, असंतोष वाढला व १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. १८८७ च्या त्याच्या अहवालात राबाचा प्रश्न अग्रभागी आहे. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने टहाळ तोडणारा शेतकरी जंगलाचा नाश करणारा होता. झाड न मारता त्याच्याकडून वर्षानुवर्षे पाला घेणे हेही एक कौशल्य असू शकते, ही शक्यता त्या कागदपत्रांत क्वचितच विचारात घेतलेली दिसते.

शहरातील सावलीच्या झाडापर्यंत मात्र हे ग्रामीण कौशल्य पोहोचले नाही. वसाहतीतील झाडाला हात लावणारा कामगार बहुधा तोडकाम करणारा असतो, आणि त्याला मोबदलाही किती फांद्या उतरविल्या यावर मिळतो. प्रस्तुत लेखकाच्या निवासी वसाहतीत काही वर्षांपूर्वी एका जुन्या पर्जन्यवृक्षाची छाटणी झाली. सहा मोठे छेद, सारे सपाट, सारे काळ्या डांबराने रंगविलेले. ठेकेदाराचे काम नीटनेटके झाले म्हणून व्यवस्थापन समितीच्या सभेत समाधान व्यक्त झाले, आणि त्या वेळी प्रस्तुत लेखकही त्या समाधानात सहभागी होता, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. आज त्या छेदांपैकी चारांभोवती जाड वळी आली आहे. उरलेल्या दोहोंत पावसाचे पाणी साचते.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा या क्षेत्रातील मूलभूत कायदा. वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, वृक्षगणना व पूर्वपरवानगी ही चौकट त्यानेच दिली. विशेष म्हणजे, झाड तोडणे या संज्ञेच्या व्याख्येत जाळणे व कापणे यांबरोबरच झाडास कोणत्याही प्रकारे इजा करणे याचाही त्यात समावेश आहे. शब्दशः पाहिले तर सपाट छेद ही इजाच. पण कायदा व त्याची अंमलबजावणी यांचे एकक 'झाड' हे आहे : किती तोडली, किती लावली, किती परवानग्या दिल्या. छेद कोठून घेतला, याची नोंद त्या चौकटीत बसत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'वारसा वृक्ष' असा दर्जा दिला. एवढ्या वयाच्या झाडाच्या अंगावर किमान दोन पिढ्यांच्या करवतींच्या खुणा असणार, आणि त्यांपैकी बऱ्याच आता वळीखाली झाकल्या गेलेल्या असणार.

शायगो यांचे निष्कर्ष समशीतोष्ण प्रदेशातील मेपल, बर्च, ओक, एल्म यांवर आधारलेले आहेत. आपल्याकडील पर्जन्यवृक्ष मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेचा, गुलमोहर मादागास्करचा; वड-पिंपळांची वाढीची रीतच निराळी, आणि अनेक प्रजातींत वार्षिक वलये स्पष्ट उमटत नाहीत. चार भिंतींपैकी दुसरी भिंत वलयांच्या आधारे वर्णिलेली असल्याने येथे तिचे रूप काय असेल, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या आपल्या विभागांनी हाती घेण्याजोगा आहे. त्यासाठी झाडे तोडण्याचीही गरज नाही. दर पावसाळ्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरांत झाडे उन्मळून पडतात. वाहतूक अडू नये म्हणून त्यांचे आडवे तुकडे केले जातात व ते गाडीत भरून नेले जातात. त्यांतील एखादा ओंडका, जुन्या छेदाची वळी मध्ये राहील अशा रीतीने, उभा चिरण्यास अर्धा तास पुरतो.